साडेनऊ

स्टावांगरच्या धक्क्यावर खाली धुराडी, वर आमचा छापखाना.
खाली ओकच्या धुरात ब्रिसलिंग टांगलेले,
वर दगडापाशी मी.

चौदाव्या वर्षापासून दगडावर उलटं लिहितोय.
सुलटं वाचणाऱ्याला त्यातले कष्ट दिसत नाहीत.
दिसू नयेत, याचाच तर पगार.

एका डब्याला बारा रंग, बारा दगड.
आधी फिका पिवळा, मग गालांचा गुलाबी,
समुद्राला दोन निळे, कारण एकच निळा कंजूष दिसतो,
आणि सगळ्यात शेवटी सोनेरी भुकटी,
कापसाच्या बोळ्यानं, श्वास रोखून.
नाहीतर रात्री शिंकतानाही सोनं.

मालक बर्गसागेल जिना चढून यायचा, धापा टाकत सांगायचा,
"मासा मेलेला दिसू नये,
बाई ओली दिसू नये,
आणि शिकागोतल्या माणसाला
डबा उघडायच्या आधीच भूक लागली पाहिजे."
शिकागो त्यानंही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी मुकुटवाले राजे खपेनात.
ज्याच्या त्याच्या डब्यावर एक राजा,
आत तेच बोटभर मासे.
"मुलगी काढ एखादी," तो म्हणाला,
"खरी वाटेल अशी."

मी खालून गुडलॉगला बोलावलं.
आठ वर्षं मासे लावत होती, एकाआड एक, शेपटीला मान.
रविवारीही अंगाला तेलाचा वास.
उजव्या हातात टोपली दिली.
डावा एप्रनच्या खिशात.
"तोही काढ," मी म्हणालो.
"तू काढणार असशील तर काढते."

अनामिका मधल्या पेरापाशीच संपलेली.
झाकण बसवायच्या यंत्रानं, एका मंगळवारी.
त्या दिवशीचे डबे वेळेवर गेले म्हणे.

बर्गसागेलनं नमुना खिडकीपाशी नेला.
"गाल झकास. बोट पुरं कर."
बोट पुरं करायला काय लागतं?
तीन रेघा आणि एक नख.
गुडलॉगनं कागद लांब धरून पाहिला.
"छान आहे," म्हणाली. "कोण ही?"

रात्री मी परत गेलो.
काळ्या रेघेचा दगड, मग गुलाबी,
दोन्हींवरून ते बोट खरवडून काढलं.
शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात.
ते नख मला नीट जमलंच नव्हतं.

चाळीस हजार डबे बोटीवर चढले.
मालकानं पाहिले, मुकादमानं पाहिले, कुणाला काही दिसलं नाही.
सोनं चमकत होतं ना.

मार्चमध्ये पत्र आलं, पेन्सिलीनं लिहिलेलं.
कुणी मिसेस कोझलिक.
मासे उत्तम, मुलं उरलेलं तेल पावानं पुसून खातात.
आणि खाली, कोपऱ्यात मावेल एवढंच,
"तुमच्या मुलीच्या बोटाला काय झालं?
मी सॉसेजच्या कारखान्यात होते."

बर्गसागेलचा आवाज तीन जिने उतरत गेला.
दगडावर वाळू, वाळूवर पाणी, पाण्यावर लोखंडी चकती,
गोल, गोल, गोल.
आमच्याकडे दगड फेकत नाहीत,
त्याला विसरायला लावतात.
दुपारपर्यंत मुलगी गेली.
दिवेलागणीला तिथं परत राजा.

पत्राचा अर्थ मी कारकुनाकडून लावून घेतला,
खाली जाऊन गुडलॉगला सांगितला.
तिचे हात थांबले नाहीत.
एकाआड एक, शेपटीला मान.
"म्हणजे कुणीतरी मोजली," एवढंच म्हणाली,
आणि पुढचा डबा ओढला.

आमच्या गावात पोरं लेबलं जमवतात,
गल्लीच्या तोंडाशी त्यांचा बाजार भरतो.
त्या मे महिन्यात पहारेकऱ्याचा तारयेई
दुसऱ्या पोराला ठणकावत होता,
"साडेनऊवाली पाहिजे? अकरा राजे टाक."

मी थांबलो.
माझ्याकडे एकही नव्हती.
राजे मात्र कोटाचे दोन्ही खिसे भरून.
तिथंच उकिडवा बसलो
आणि एकेक मोजत गेलो.